बदकशिकार

बदकशिकार : तलाव, दलदली, नदीपात्रे व समुद्रकाठच्या खाजणी यांवर राहणाऱ्या रानबदकांची बंदुकीने, जाळ्याने किंवा फाशांनी केलेली शिकार. ॲनॅटिडी या पक्षिकुलातील बदके, हंसक आणि कलहंस या सर्वांचा समावेश शिकारी परिभाषेत ‘बदक’ या एकाच शब्दात होत असे. भारतात १९९१ पासून या शिकारीला कायद्याने पूर्ण बंदी आहे. तरीही तिची माहिती आजच्या वाचकाला दोन कारणांनी उपयोगी ठरते. भारतीय पाणपक्ष्यांविषयीचे प्रारंभीचे बरेचसे ज्ञान शिकाऱ्यांच्या टिपणांतून जमा झाले आहे. शिवाय नवशिक्या शिकाऱ्याला बंदूक हाती घेण्यापूर्वी जे शिकावे लागे, त्याचा मोठा भाग पक्षिनिरीक्षणास नव्याने आरंभ करणाऱ्याला आजही शिकावाच लागतो. महाराष्ट्रात या विषयाचे स्वाभाविक क्षेत्र म्हणजे पूर्व विदर्भातील तलावांचा मुलूख, विशेषतः गोंदिया जिल्हा होय.

तलावांचा प्रदेश : गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. वैनगंगा आणि तिला मिळणाऱ्या बाघ, चुलबंद, गाढवी इ. नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेल्या या प्रदेशात भाताची शेती मुख्य असून ती शेकडो वर्षे तलावांच्या पाण्यावर होत आली आहे. गोंड राजवटीत कोहळी समाजातील कुशल बांधकऱ्यांनी हे तलाव उभारले. पुढे ते मालगुजारांकडे गेले, म्हणून त्यांना ‘मालगुजारी तलाव’ म्हणू लागले. १९५०-५१ मध्ये मालगुजारी पद्धती रद्द झाल्यावर त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ असे शासकीय नाव मिळाले आणि त्याचाच संक्षेप ‘मामा तलाव’ असा रूढ झाला. पूर्व विदर्भातील अशा तलावांची संख्या सु. सात हजार सांगितली जाते. त्यांशिवाय शेतांमधल्या लहान बोड्या आहेत, त्या वेगळ्याच. जिल्ह्यातील सर्वांत प्रसिद्ध तलाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध हा असून त्याच्या बांधणीचे श्रेय परंपरा कोलू पाटील कोहळी यांना देते. त्याच तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोहचा जलाशय आहे.

मालगुजारी तलावाची रचना समजून घेतल्याशिवाय त्यावरील बदकांची हालचाल समजत नाही. तलावाच्या एका बाजूला मातीची उंच पाळ असते व तिच्या पायथ्याशी पाणी सर्वांत खोल असते. विरुद्ध बाजूला जमीन हळूहळू चढत जाते, तेथे पाणी गुडघाभर, मग घोटाभर आणि शेवटी नुसता चिखल असा क्रम लागतो. पावसाळ्यानंतर भातासाठी पाणी सोडले जाऊ लागले, की ही उथळ कड दर आठवड्याला आत सरकते व नव्याने उघड्या पडलेल्या गाळात बी, कंद, कीटक आणि शंखगोगलगाई यांचे खाद्य मिळते. कमळ, पोयणी, हायड्रिला यांसारख्या पाणवनस्पती आणि काठाचे देवधान हे या प्रदेशातील बदकांचे मुख्य अन्न होय. कापणीनंतर बांध्यांत सांडलेले भाताचे दाणे ही त्यात पडणारी भर होय.

शिकारी ज्यांना ओळखत ती बदके : या तलावांवरील बदकांचे दोन गट पडतात. अडई, काणूक, हळदीकुंकू ऊर्फ धनवर आणि नकटा ही बाराही महिने येथेच राहणारी असून पावसाळ्यात वीण करतात. काणूक व नकटा पाण्याजवळच्या झाडांच्या ढोल्यांत अंडी घालतात, तर अडई झाडावर किंवा काठच्या झुडपांत घरटे करते. दुसरा गट हिवाळी पाहुण्यांचा. त्यांत तलवार बदक, चक्रांग, भुवई बदक, थापट्या, गडवाल, तरंग, लालसरी, शेंडी बदक आणि चक्रवाक ही प्रमुख होत. भुवई बदक सर्वांआधी, ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरात दिसू लागते. इतरांची मोठी आवक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत ती परततात. पट्टकादंब हा कलहंस तिबेटच्या पठारावर व मध्य आशियात वीण करून हिमालय ओलांडून विदर्भापर्यंत येतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिच्या शेजारच्या पाण्यावर त्यांच्याच मायभूमीतला पक्षी दर हिवाळ्यात उतरतो, हा योगायोग अनेकांच्या लक्षातही येत नाही.

नवशिक्याची पहिली कसोटी ओळखीची असे. पुस्तकातील चित्रात नराचा रंगीत पिसारा असतो. परंतु ऑक्टोबरात येणारे बहुतेक नर विणीनंतरच्या मळकट पिसाऱ्यात असल्याने मादीसारखेच दिसतात. त्यामुळे अनुभवी शिकारी रंगाकडे न पाहता आकार, उड्डाण आणि आवाज पाहत. उथळ पाण्यात डोके बुडवून, शेपूट वर करून खाणारी बदके (तलवार बदक, चक्रांग, हळदीकुंकू) पाण्यातून सरळ वर झेपावतात. बुडी मारून खाणाऱ्या लालसरी व शेंडी बदकाला मात्र पाण्यावरून काही अंतर धावत जाऊनच उडता येते. उडताना शीळ घालणारी, मान किंचित खाली झुकवलेली, संथ पंखांची ती अडई. लांब मान व टोकदार शेपटी तलवार बदकाची, तर थापट्याची चोच एवढी रुंद की दूरवरून पक्षी पुढे जड झाल्यासारखा वाटतो. हळदीकुंकू हे नाव चोचीच्या पिवळ्या टोकावरून आणि तिच्या बुडाशी असलेल्या दोन तांबड्या ठिपक्यांवरून पडले असून ते लोकांच्या निरीक्षणाचा उत्तम नमुना आहे. ही ओळख केवळ हौसेची बाब नव्हती. थापट्या व चक्रवाक यांचे मांस हलके मानले जाई. चक्रवाक तर इतका सावध की त्याने एकदा ओरड केली म्हणजे सगळा तलाव उठत असे. संस्कृत काव्यात विरहाचे प्रतीक झालेला हा पक्षी शिकाऱ्यांच्या लेखी निव्वळ चहाडखोर होता.

वेळ व जागा : नवशिक्या शिकारी बहुधा सर्वांत मोठ्या तलावाकडे धाव घेई आणि रिकाम्या हाताने परते. नवेगावबांधसारख्या विस्तीर्ण पाण्यावर दिवसा बदकांचे थवे मध्यभागी, कोणत्याही काठापासून बंदुकीच्या टप्प्याबाहेर विसावतात. सूर्यास्तानंतर सु. अर्ध्या तासात ती लहान तलावांकडे, बोड्यांकडे व भाताच्या बांध्यांकडे चरण्यास जातात आणि पहाटे उजाडण्यापूर्वी परत येतात. या जाण्यायेण्याच्या वाटा ठरलेल्या असतात. दोन टेकड्यांमधील खिंड, पाळीचा एखादा कोपरा, ओढ्याचा मार्ग अशा ठिकाणांवरून थवे रोज जातात. म्हणून जाणकार शिकारी पहिले काही दिवस बंदूक न घेता नुसता बसून या वाटा पाही. गावातील ढिवर मच्छीमाराला त्या पाठ असत. बाहेरून आलेल्या साहेबाच्या नावावर जमा झालेल्या शिकारीचे निम्मे श्रेय बहुधा अशा एखाद्या मच्छीमाराचे असे, पण शिकारकथांत त्याचे नाव क्वचितच येते.

लपणासाठी काठच्याच गवताचा व लव्हाळ्याचा आडोसा करीत. बदके वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उतरतात, त्यामुळे वारा पाठीशी व उतरण्याची जागा समोर राहील अशी बैठक निवडली जाई. मागे सूर्य असणेही सोयीचे ठरे, कारण बदकाची नजर तीक्ष्ण असून उजेडात चमकणारा चेहरा किंवा नळी त्याला लगेच दिसते. युरोप-अमेरिकेत लाकडाची बनावट बदके पाण्यावर तरंगत ठेवून थवे खाली ओढण्याची पद्धत फार विकसित झाली. मध्य भारतात वाटेवर बसून करावयाची शिकार आणि तलावाच्या दोन बाजूंनी होड्या किंवा माणसे घालून पक्षी उठवणे हे प्रकार अधिक रूढ होते.

बंदूक व नेम : बदकांसाठी छऱ्याची बंदूक, बहुधा बारा बोअरची दुनळी, वापरीत. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या असता त्यांतील एक गोळी जिच्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची बंदूक होय. तिच्या नळीचा व्यास सु. १८.५ मिमी. भरतो. बदकांसाठी चार ते सहा क्रमांकाचे छरे पसंत केले जात. सहा क्रमांकाच्या एका काडतुसात सु. तीनशे छरे असतात. नळीच्या तोंडाकडील आकुंचनामुळे (चोक) छऱ्यांचा झोत कमी पसरतो. तरीही ३५ मी. अंतरावर तो जवळजवळ एक मी. व्यासाचा होतो आणि त्यापुढे त्यात एवढी पोकळी पडते, की बदक मरण्याऐवजी जखमी होण्याचाच संभव वाढतो. म्हणून ३५ मी. ही शिष्ट शिकाऱ्याची मर्यादा मानली जाई. अंतराचा अंदाज चुकणे हा नवशिक्याचा सर्वांत सामान्य दोष होता. मोकळ्या पाण्यावर तुलनेला काही नसल्याने पक्षी असतो त्याहून जवळ भासतो. यावर उपाय म्हणून काठापासून मोजून काठ्या रोवून ठेवण्यास सांगत.

दुसरा दोष पक्ष्यावरच नेम धरण्याचा. ताशी ७० किमी. वेगाने जाणारे बदक सेकंदाला सु. १९ मी. अंतर कापते. छऱ्यांना ३५ मी. जाण्यास सु. एक-अष्टमांश सेकंद लागतो व तेवढ्या वेळात बदक दोन मी.हून अधिक पुढे गेलेले असते. त्यामुळे आडव्या जाणाऱ्या पक्ष्याच्या पुढे, त्याच्या लांबीच्या चार-पाचपट अंतरावर, नेम द्यावा लागे आणि चाप ओढल्यानंतरही नळी फिरतीच ठेवावी लागे. नळी थांबली की छरे शेपटीमागे जात. चक्रांगासारखे लहान व दाट थव्याने जाणारे बदक पाहून नवशिक्या थव्यात कोठेही बार टाकी. अशा बाराने क्वचित एखादा पक्षी पडे, पण आणखी कित्येक छरे अंगात घेऊन उडून जात. ‘आज वीस पाडली’ असे सांगणारे पुष्कळ भेटत. किती जखमी गेली हे सांगणारे फार थोडे. पुढे युरोप व उत्तर अमेरिकेत जिवंत पकडलेल्या बदकांची क्ष-किरण तपासणी झाली, तेव्हा अनेकांच्या शरीरांत जुने छरे आढळले. लव्हाळ्यात पडलेले किंवा बुडी मारून वनस्पतींना धरून राहिलेले जखमी बदक माणसाला सापडत नाही. त्यासाठी शिकवलेला कुत्रा लागे व तो नसेल तर दाट वनस्पतींवर बार टाकू नये असा संकेत होता. तो पाळला जाई असे मात्र म्हणता येत नाही.

पारंपरिक पद्धती : बंदुकीच्या कितीतरी आधीपासून बदके पकडली जात होती. डोक्यावर मडके किंवा भोपळा पालथा घालून गळाभर पाण्यातून हळूहळू थव्यात शिरावयाचे आणि बदकाचे पाय धरून त्याला पाण्याखाली ओढावयाचे, या युक्तीची वर्णने भारताच्या अनेक भागांतून मिळतात. त्यासाठी आधी काही दिवस रिकामी मडकी पाण्यावर सोडून पक्ष्यांना त्यांची सवय लावीत. रात्रीच्या वाटेवर बांबूंना उभी जाळी बांधणे आणि उथळ पाण्यात केसांचे फासे मांडणे हेही प्रकार होते. राजेलोकांत ससाणे व बहिरी ससाणे पाणपक्ष्यांवर सोडण्याचा छंद होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मृगयेबरोबर श्येनविनोदाचेही निरूपण आहे. अलीकडच्या काळातील सर्वांत हीन प्रकार म्हणजे कीटकनाशक मिसळलेले धान्य काठावर टाकणे. त्यात बदकांबरोबर सारस, बगळे, गावची कुत्री आणि ते मांस खाणारी माणसे अशा सर्वांनाच धोका असतो. सारस क्रौंच महाराष्ट्रात मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरला असल्याने तेथे या प्रकाराचे गांभीर्य अधिक आहे.

शिकारीपासून अभ्यासापर्यंत : ब्रिटिश अमलात बदकशिकार हा अधिकारी व संस्थानिक यांच्या हिवाळी दिनक्रमाचा भाग बनला. ह्यूम व मार्शल यांचा भारत, ब्रह्मदेश व श्रीलंकेतील शिकारी पक्ष्यांवरील तीन खंडांचा ग्रंथ १८७९–८१ मध्ये प्रसिद्ध झाला, तर स्टुअर्ट बेकर यांचे भारतीय बदकांवरील लेखन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (स्थापना १८८३) नियतकालिकातून येऊन १९०८ मध्ये ग्रंथरूप झाले. या लेखनाचा वाचक प्रामुख्याने शिकारीच होता. या छंदाचा अतिरेक भरतपूर येथे झाला. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. याच काळात गुलाबी डोक्याचे बदक दिसेनासे झाले. त्याची शेवटची विश्वसनीय नोंद बिहारमधील दरभंगा भागात १९३५ च्या सुमारास झाली. ते संपण्यास केवळ बंदूक नव्हे, तर त्याच्या दलदलींची शेतजमीन होणेही कारणीभूत मानले जाते.

बंदूक हे अभ्यासाचे प्रवेशद्वार ठरल्याची उदाहरणेही आहेत. सलीम अली (१८९६–१९८७) यांनी बालपणी हवेच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्याचा पिवळा ठिपका पाहून ती कोणती हे विचारण्यासाठी ते मुंबईच्या सोसायटीत गेले आणि तेथून त्यांच्या पक्षिशास्त्राला आरंभ झाला. इंग्लंडमधील पीटर स्कॉट हे तरुणपणी पट्टीचे बदकशिकारी होते. त्यांनी १९४६ मध्ये स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांच्या संरक्षणाची संस्था काढली. गोंदिया परिसराला मराठी वाचकांसमोर आणणारे वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी नवेगावबांध येथील वास्तव्यात पाणपक्ष्यांचे दीर्घ निरीक्षण केले. तेथील माधवराव पाटील डोंगरवार यांच्या अरण्यज्ञानाचा त्यांना लाभ झाला. पक्षिकोश या त्यांच्या ग्रंथात बदकांची अनेक देशी नावे जतन झाली आहेत. नागझिरा अभयारण्य १९७० मध्ये, नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये व या दोहोंसह नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये घोषित झाला.

कायदा : भारतात वन्य पक्ष्यांच्या रक्षणाचा पहिला देशव्यापी कायदा १८८७ चा होय. १९१२ च्या कायद्याने बदकांसह काही पक्ष्यांसाठी बंद हंगाम ठरविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. पावसाळ्यातील बंद हंगामाने स्थानिक बदकांच्या विणीला काही संरक्षण मिळे. हिवाळी पाहुण्यांना त्याचा उपयोग अर्थातच नव्हता. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये बदके चौथ्या अनुसूचीत होती आणि लहान शिकारीचा परवाना देण्याची तरतूद शिल्लक होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती वगळण्यात आली आणि त्या वर्षाच्या ऑक्टोबरपासून भारतात बदकशिकारीचा कोणताही परवाना मिळण्याचा मार्ग बंद झाला. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली (अंमल १ एप्रिल २०२३ पासून), पण बंदी कायम आहे.

शिकार म्हणजे ठार मारणे एवढाच अर्थ कायद्यात नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. पकडणे, फासे किंवा जाळे लावणे, विष घालणे, आमिष टाकणे, हाकून नेणे, या सर्वांचा नुसता प्रयत्न करणे, तसेच पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे हे सर्व शिकारीच्या व्याख्येत येते. पीक राखण्यासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना हा शस्त्र बाळगण्याचा परवाना असतो. त्याने बदके मारण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. सामान्यतः अशा गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पहिल्या अनुसूचीतील जातींच्या बाबतीत आणि अभयारण्य वा राष्ट्रीय उद्यान यांमधील शिकारीस शिक्षा अधिक कडक आहे.

अन्य देशांत शिकार नियंत्रित स्वरूपात चालू आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३४ पासून प्रत्येक बदकशिकाऱ्याला दरवर्षी एक मुद्रांक विकत घ्यावा लागतो व त्या पैशांतून पाणथळी खरेदी केल्या जातात. जर्मनी, डेन्मार्क यांसारख्या देशांत परीक्षा दिल्याशिवाय नवशिक्याला परवाना मिळत नाही. १९७१ च्या रामसर कराराच्या मूळ नावातच पाणपक्ष्यांच्या अधिवासाचा उल्लेख आहे. भारताने तो मार्ग का स्वीकारला नाही, असा प्रश्न काही वेळा विचारला जातो. हंगाम, संख्या व जात यांची मोजणी आणि तपासणी करणारी यंत्रणा प्रत्येक तलावावर असल्याखेरीज ती पद्धत चालत नाही. सात हजार तलावांच्या मुलखात अशी यंत्रणा कल्पनेतही आणणे कठीण असल्याने संपूर्ण बंदी हाच व्यवहार्य निर्णय होता, असे म्हणावे लागते.

शिसे : शिकार झालेल्या तलावांत बंदुकीचा परिणाम बार थांबल्यावरही टिकतो. बदके अन्न दळण्यासाठी बारीक खडे गिळतात व त्यांबरोबर गाळातील छरेही गिळतात. पेषणीत ते घासले जाऊन आम्लात विरघळतात. शिसे रक्तात मिसळते, पक्ष्याला खाणे पचत नाही, पंख लुळे पडतात व तो झुरून मरतो. एक-दोन छरेही त्यास पुरेसे होतात. या कारणाने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छरे वर्ज्य झाले व यूरोपीय संघात पाणथळींवर २०२३ पासून ते वापरण्यास मनाई आहे.

तलावांची सद्यःस्थिती : शिकार थांबल्याने बदके वाढावयास हवी होती, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु बंदुकीपेक्षा तलावाची अवस्था अधिक निर्णायक ठरली. मालगुजारी संपल्यावर पाळीची डागडुजी व गाळ काढणे यांची जबाबदारी गावाकडून शासनाकडे गेली आणि मधल्या काळात पुष्कळ तलाव उथळ झाले. काठावर बेशरम ही परदेशी वनस्पती माजली, ती कोणी खात नाही व तिच्या गर्दीत देवधान उगवत नाही. जलद वाढणाऱ्या माशांच्या उत्पादनासाठी सोडलेला गवत्या मासा पाणवनस्पती फस्त करतो. नायलॉनच्या बारीक जाळ्यांत बुडी मारणारी बदके अडकून मरतात. उन्हाळी धानासाठी पाणी लवकर उपसले गेल्याने फेब्रुवारीतच कित्येक बोड्या कोरड्या पडतात. अर्जुनी मोरगाव परिसरातील काही तलावांत ढिवरांच्या मत्स्य सहकारी संस्था व गावातील महिलांचे गट यांनी बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. मुख्य हेतू देशी मासे परत आणण्याचा होता, पण वनस्पतींबरोबर बदकेही आली. बदकांच्या दृष्टीने या प्रदेशात झालेले हे बहुधा सर्वांत मोलाचे काम होय, आणि ते करणाऱ्यांनी पक्ष्यांचे पुस्तक हाती धरले असेलच असे नाही.

नव्याने आरंभ करणाऱ्यास : बदकांच्या मागे जाण्याची ओढ असलेल्या माणसाला आज गोंदिया जिल्ह्यात निरीक्षण, छायाचित्रण व गणना हे मार्ग उपलब्ध आहेत. जुन्या शिकाऱ्याचे नियम येथे जवळजवळ तसेच लागू पडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ, उजाडताना किंवा मावळतीला, सूर्य पाठीशी घेऊन पाळीच्या आडोशाने बसावे. आठपट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण पुरते. विस्तीर्ण तलावावर मात्र तिपाईवरील दूरदर्शक लागतो. प्रथम हळदीकुंकू, अडई, काणूक, तलवार बदक व चक्रांग या पाचांची आकारावरून व उड्डाणावरून पक्की ओळख करावी आणि मगच इतरांकडे वळावे. थव्याजवळ होडी किंवा ड्रोन नेल्यास पक्षी उठतात व त्यांची साठवलेली शक्ती वाया जाते. विणीच्या काळात ढोल्यांजवळ घुटमळणे तर कायद्यानेही गुन्हा ठरू शकते. राष्ट्रीय उद्यान व अभयारण्य यांच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीनेच प्रवेश मिळतो.

गणनेसाठी थव्यातील दहा किंवा वीस पक्षी प्रत्यक्ष मोजून तेवढ्या गटाने व्यापलेली जागा डोळ्यांत साठवावी आणि तोच मापदंड उरलेल्या थव्यावर सरकवत न्यावा. दोघांनी स्वतंत्रपणे मोजून आकडे ताडून पाहिल्यास चूक कमी होते. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दरवर्षी जानेवारीत होत असून भारतात तीत स्वयंसेवक भाग घेतात. पायात कडे असलेला मृत किंवा जखमी पक्षी आढळल्यास कड्यावरील अक्षरे व अंक, ठिकाण आणि तारीख टिपून वन विभागास व बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीस कळवावीत. पूर्वी अशी कडी मुख्यतः शिकाऱ्यांकडूनच परत येत व त्यांवरूनच भारतातील बदकांचा मध्य आशिया व सायबीरिया यांच्याशी असलेला संबंध सिद्ध झाला. ज्या तलावावर एकही बदक दिसले नाही त्याचीही नोंद शून्य म्हणून करावी लागते. नवशिके निरीक्षक ती बहुधा गाळतात आणि मग तो तलाव त्या वर्षी रिकामा होता की कोणी तेथे गेलेच नव्हते, हे नंतर सांगता येत नाही.